एकाच तारेतून वीज आणि संदेश

उज्जैन हे नाव मराठी वाचकास परके नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली, तोवर शिंदेशाहीचे ठाणे तेथेच होते. क्षिप्रेच्या काठचा तेथील रामघाट सिंहस्थात माणसांनी फुलून जातो. २०१६ साली २२ एप्रिल ते २१ मे असा तो मेळा भरला होता. पुढचा २०२८ साली येईल. अशा गर्दीत हरवलेल्या मुलाचा शोध घेणे किंवा रुग्णवाहिका बोलाविणे ही कामे संदेशवहनावर अवलंबून असतात, आणि आजचे संदेशवहन पुष्कळ अंशी इंटरनेटच्या बिनतारी यंत्रांवर चालते.

मंडप व शिखरे लहरींच्या आड येऊ नयेत म्हणून ही यंत्रे उंच मनोऱ्यावर बसवितात. मग त्यांना वीज पुरवावयाची कशी? घरातील २३० व्होल्टची तार वर न्यावी, असे प्रथम सुचते. परंतु जेथे ओलेत्याने माणसे पायऱ्यांवर उभी असतात, तेथे त्या तारेचे आवरण फाटले तर काय अनर्थ होईल, हे सांगावयास नको.

संदेशासाठी ईथरनेटची तार तशीही वर जातेच. तिच्यात तांब्याच्या आठ बारीक तारा असून, दोन-दोन पिळून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. याच तारांतून वीजही पाठवितात. ही युक्ती तशी जुनीच. टेलिफोन एक्स्चेंजमधील ४८ व्होल्टची बॅटरी बोलण्याच्याच तारांतून घरोघरचे टेलिफोन चालवीत असे.

मग दोहोंची सरमिसळ कशी होत नाही? संदेश म्हणजे जोडीतील दोन तारांच्या विद्युद्दाबांमधील क्षणोक्षणी बदलणारा फरक. वीज मात्र जोडीच्या दोन्ही तारांतून सारखीच जाते व दुसऱ्या जोडीतून परत येते. दोन्ही तारांचा दाब सारखाच वाढला, तर त्यांतील फरक होता तसाच राहतो. टोकांशी बसविलेली लहान रोहित्रे वीज आणि संदेश यांना वेगळे करतात.

आता थोडे गणित करू. तार १०० मीटर आहे. यापेक्षा लांब तार सहसा वापरीत नाहीत. विजेच्या जाण्यायेण्याच्या वाटेचा रोध ९ ओहम धरा. खालून १२ वॅट शक्ती १२ व्होल्टने पाठविली, तर प्रवाह १ अँपिअर होईल, ९ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतील आणि यंत्रापाशी अवघे ३ उरतील! तीच शक्ती ४८ व्होल्टने पाठविल्यास प्रवाह पाव अँपिअर होतो आणि सव्वादोन व्होल्टच गळतात. दाब चौपट केला, की शक्तीची नासाडी सोळाव्या हिश्श्यावर येते. शिवाय हा दाब २३० व्होल्टइतका घातक नव्हे.

२००३ साली ठरलेल्या प्रमाणानुसार पुरवठायंत्र प्रथम १० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दाब देऊन पलीकडे सुमारे २५ हजार ओहमचा रोध आहे काय, हे पाहते. ही खूण पटल्यावरच पूर्ण दाब सोडते. त्यावेळी पुरवठ्याची मर्यादा १५.४ वॅट होती. २०१८ च्या प्रमाणात ती ९० वॅटपर्यंत गेली. मनोऱ्यांवरील काही यंत्रांचे पुरवठासंच मात्र २४ व्होल्टचे असून अशी चौकशी न करताच वीज सोडतात. त्यांची तार भलत्याच उपकरणास जोडल्यास ते जळण्याचा संभव असतो.

उघड्यावरील मनोऱ्यास खरे भय आकाशातील विजेचे. ५ मे २०१६ रोजी उज्जैनच्या मेळ्यावर वादळी पाऊस कोसळला, मंडप पडले आणि प्राणहानीही झाली. अशा वेळी जवळपास वीज पडली तरी लांब तारेत दाबाचा मोठा लोट उसळतो. म्हणून धातूचे वेष्टण असलेली तार घेतात, ते वेष्टण जमिनीत पुरलेल्या पट्टीस जोडतात आणि पायथ्याशी लोटरोधक बसवितात. यंत्रात शिरण्यापूर्वी तारेस खाली एक झोळ देतात. पावसाचे पाणी ओघळून तेथूनच ठिबकते.