पावसातली आई आणि न पटणारी गोष्ट

प्रश्न : सुट्टीत आलेल्या नातवाने मला मोबाईलवर एक जुना कृष्णधवल अमेरिकन सिनेमा दाखवला, 'स्टेला डॅलस'. इंग्रजी मला फारसं कळत नाही, तो मधूनमधून सांगत होता. शेवटी लेकीचं लग्न मोठ्या घरात चाललंय आणि आई बाहेर रस्त्यावर, पावसात उभी राहून खिडकीतून बघतेय. मला रडू आवरेना. नातू म्हणाला, "आजी, घरसंसारावरचे असे सिनेमे तेव्हा अमेरिकेतच निघायचे, आपल्याकडे नुसते देवादिकांचे." हे खरं का? पैसा, प्रेम, घरातली दुःखं यांवर मराठीत त्या काळी काहीच निघालं नाही? आणि आपल्या खान्देशचा त्यात कुठे काही धागा आहे का?
— एक आजी, अमळनेर

उत्तर : आजी, तो शेवट मी अनेकदा पाहिलाय आणि दर वेळी डोळे भरून आलेत. पण त्याआधीचा एक प्रसंग मला त्याहून जड जातो. रात्रीच्या रेल्वेत आई आणि मुलगी आपापल्या बर्थवर झोपल्या आहेत. मुलीच्या ओळखीतल्या श्रीमंत पोरी तिच्या आईच्या भडक कपड्यांची टिंगल करतात. ती दोघींनाही ऐकू जाते. आपण ऐकलं हे दुसरीला कळू नये म्हणून दोघीही झोपल्याचं सोंग करतात. मुलगी हळूच खाली उतरून आईच्या कुशीत शिरते. पुढे स्टेला जे करते त्याचं बीज त्या रात्रीत आहे. आपल्यामुळे लेकीच्या वाटेत काटे येतात एवढं तिला पुरतं.

ही गोष्ट मुळात ऑलिव्ह हिगिन्स प्राउटी या लेखिकेच्या १९२३ च्या कादंबरीतली. सॅम्युएल गोल्डविन यांनी तिच्यावर दोनदा सिनेमा काढला, १९२५ साली मूक आणि १९३७ साली बोलका. तुम्ही पाहिलात तो दुसरा. किंग व्हिडॉर त्याचे दिग्दर्शक आणि बार्बरा स्टॅनविक स्टेला. स्टेला ही गिरणीतल्या कामगाराची मुलगी, लग्न होतं वरच्या थरातल्या माणसाशी. प्रताप मिलचा भोंगा ज्यांनी ऐकलाय त्या अमळनेरकरांना तिचं माहेर परकं वाटायचं कारण नाही.

ही दोन सालं लक्षात ठेवा, १९२५ आणि १९३७. नातवाला उत्तर द्यायला तीच उपयोगी पडतील.

आपला सिनेमा देवादिकांपासून सुरू झाला, एवढं त्याचं खरं आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, आणि पुढची दहा-बारा वर्षं पडद्यावर बहुतांशी पुराण आणि इतिहासच होता. पण १९२५ मध्येच कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची जमीन आणि घर सावकाराच्या घशात जातं आणि तो शहरात येऊन गिरणीत राबतो. तो तरुण शेतकरी रंगवला होता व्ही. शांताराम यांनी. त्या मूकपटाची प्रत आज उरलेली नाही, याची हळहळ वाटते. पेंटरांनी १९३६ मध्ये तोच विषय बोलपटात पुन्हा मांडला.

हा चित्रपट कोल्हापूरचा असला तरी त्यातलं दुःख खान्देशने पुरेपूर भोगलेलं आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्या काळ्या जमिनीतल्या कपाशीला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास रेल्वे भुसावळ-जळगावपर्यंत पोचली. लोकांच्या हातात कधी नव्हे एवढा पैसा खुळखुळला. युद्ध संपलं, भाव कोसळले, पण तेजीच्या भरवशावर काढलेली कर्जं तशीच राहिली. 'सावकारी पाश' बोलपट झाला त्याच वर्षी, डिसेंबर १९३६ मध्ये, तुमच्या जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. तिथल्या शेतीविषयक ठरावात शेतकऱ्याच्या कर्जाचा बोजा कमी करण्याची मागणी होती. पडद्यावरची गोष्ट आणि मंडपातला ठराव, दोन्हींचं दुखणं एकच.

आता १९३७. बार्बरा स्टॅनविक अमेरिकेत स्टेला झाली त्याच वर्षी पुण्याच्या 'प्रभात'ने 'कुंकू' काढला. दिग्दर्शक शांताराम, आणि कथा पुन्हा नारायण हरी आपट्यांचीच. त्यांच्या कादंबरीचं नाव 'न पटणारी गोष्ट'. मला चित्रपटाच्या नावापेक्षा हे नाव जास्त आवडतं, कारण नायिकेचं सगळं बळ 'न पटणारी' या दोन शब्दांत आहे. हिंदीत तो 'दुनिया न माने' म्हणून निघाला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला.

नीरा ही मामाकडे वाढलेली पोरकी मुलगी. मामा पैसे घेऊन तिचं लग्न काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतो. आपण फसवलो गेलो हे तिला कळतं तेव्हा वेळ गेलेली असते. घर भरलेलं आहे, मान आहे, खायला-ल्यायला कमी नाही. पण नीरा त्या माणसाला नवरा मानायला नकार देते. ती पळून जात नाही आणि जीवही देत नाही. त्याच घरात राहून, रोज डोळ्याला डोळा भिडवून, "हे मला पटलेलं नाही" असं जगून दाखवते. काकासाहेबांचा वयात आलेला मुलगा तिच्यावर वाईट नजर टाकतो तेव्हा ती त्यालाही चांगला धडा शिकवते.

शांता आपट्यांनी ही नीरा अशी उभी केली आहे की आजच्या मुलीही तिच्याकडे मान वर करून बघतील. खऱ्या आयुष्यातही बाई तशाच करारी. १९३९ मध्ये कराराच्या वादावरून त्या 'प्रभात'च्याच फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या.

काकासाहेबांचं काम केलं केशवराव दात्यांनी, आणि इथे शांतारामांनी फार मोठं शहाणपण दाखवलं. म्हाताऱ्याला राक्षस केलं नाही. तो मिशांना कलप लावतो, आरशात बघतो, आपलं वय त्याला टोचतं. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांत त्याला आपलेच चेहरे हसताना दिसतात. भिंतीवरचं जुनं घड्याळ त्याच्याच प्राणासारखं टिकटिकत राहतं. चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घरातले आवाज, भांडी, घड्याळ, ग्रामोफोन, यांवरच सगळं चाललंय. केशवराव भोळ्यांचं संगीतही त्या शिस्तीत राहिलं. आणि अमेरिकेचा एक गोड धागा इथे आहे: नीरा हेन्री लाँगफेलो या अमेरिकन कवीची 'अ साम ऑफ लाइफ' ही इंग्रजी कविता गाते. १९३७ च्या मराठी सिनेमात, घरात कोंडलेली मुलगी! नातवाला हे मुद्दाम दाखवा.

शेवटी काकासाहेबांना आपली चूक उमगते. ते पत्र लिहून ठेवतात आणि स्वतःला संपवतात.

हा शेवट अनेकांना खटकतो. म्हाताऱ्याने मरावं आणि मुलगी सुटावी, हा सोपा उपाय झाला असं म्हणतात. मला तो आक्षेप पटत नाही, आणि त्याचं कारण कायद्यात आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं, पण चौदाच्या पुढच्या मुलीचं लग्न साठीच्या माणसाशी लावायला त्याची आडकाठी नव्हती. आणि मुंबई इलाख्यात हिंदू बाईला कायद्याने घटस्फोट मिळायला १९४७ साल उजाडावं लागलं, देशभर तर १९५५. शेजारच्या बडोदा संस्थानात सयाजीरावांनी १९३१ मध्येच ती सोय केली होती, पण पुण्याच्या नीराला ती कुठली मिळायला! तिच्यापुढे दारच नव्हतं. अमेरिकेतल्या स्टेलापुढे होतं. नवऱ्याने त्याच्या तोलामोलाच्या बाईशी लग्न करावं आणि लेकीला ते घर मिळावं म्हणून ती घटस्फोट देते, आणि पुढे सगळी गोष्ट तिच्या त्यागाकडे वळते. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून चित्रपटांची नियमावली कडक राबवली जात होती, लग्नसंस्थेला धक्का लागलेला तिला चालत नसे. तिथली बाई मोकळी असूनही पावसात उभी राहिली, आणि इथली बांधलेली असूनही नाही म्हणाली. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहिल्यावर मला सगळ्यात जास्त हेच जाणवतं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. नीराची कोंडी ही पांढरपेशा घरातली. खान्देशातल्या कितीतरी शेतकरी आणि कष्टकरी समाजांत जातपंचायतीपुढे काडीमोड होई, बाई पाट लावून पुन्हा नांदे. त्यांना 'कुंकू'तला पेच थोडा वेगळा दिसला असेल. पण मुलीच्या लग्नात पैशाने बोलायचं, ही गोष्ट त्यांनाही अनोळखी नव्हती.

मराठी माणसाला मुळात हा विषय सिनेमाने दिलेला नाही. १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांनी 'संगीत शारदा' लिहिलं. म्हाताऱ्या भुजंगनाथाला मुलगी देऊ पाहणाऱ्या बापाचं नाव त्यांनी कांचनभट ठेवलं, नावातच सोनं. पुढे ही शारदा रंगभूमीवर ज्यांनी साकारली त्यांत बालगंधर्वही होते, आणि त्यांचा गळा घडायला लागला तो तुमच्या जळगावात. लहानपणी ते तिथे शिकायला होते, आणि मेहबूब खान यांच्याकडे त्यांचं गाणं सुरू झालं. जळगावात आज त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे ते उगाच नाही. म्हणजे खान्देशचा पहिला धागा हा.

दुसरा धागा मला अधिक जवळचा वाटतो. १९८२ साली जब्बार पटेलांनी 'उंबरठा' काढला. शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा. सुलभा महाजन सुखवस्तू घरातली सून, नवरा वकील. काकासाहेबही वकीलच होते, आठवा. घरात कशाचीच ददात नाही, पण तिला काम करायचंय म्हणून ती दूरच्या गावी महिलाश्रमाची अधीक्षक होऊन जाते. लहान मुलगी जावेजवळ राहते, आणि हळूहळू जावेचीच होते. परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. तो ते कबूल करतो, आणि तिने ते चालवून घ्यावं असं त्याला वाटतं. सुलभा बॅग उचलते.

सुलभा झाली स्मिता पाटील. तिचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे. आणि त्या चित्रपटाला संगीत दिलं हृदयनाथ मंगेशकरांनी, ज्यांच्या आईचं माहेर थाळनेर, तापीकाठचं, त्याच शिरपूर तालुक्यातलं. नायिकेचं वडिलांकडचं गाव आणि संगीतकाराचं आजोळ एका तालुक्यात! थाळनेरचे हरिदास रामदास लाड हे त्या भागातले बडे व्यापारी. त्यांची मुलगी नर्मदा हृदयनाथांचे वडील दीनानाथ यांना दिली होती. ती लवकर गेली, तेव्हा तिची बहीण शेवंती १९२७ मध्ये त्या घरात आली, आणि पुढे लता, मीना, आशा, उषा, हृदयनाथ या पाच भावंडांची आई झाली.

आणखी एक गोष्ट तुमच्या मनात राहिली असेल: बाहेर उभी असलेली आई लेकीला शेवटपर्यंत दिसली का? नाही, आजी. लेकीला ती दिसत नाही. खिडकीचा पडदा मात्र मुद्दाम उघडा ठेवलेला असतो, तो लेकीच्या वडिलांच्या दुसऱ्या बायकोने, कारण तिला स्टेलाचं मन कळलेलं असतं. पोलीस गर्दी हटवायला येतो तेव्हा स्टेला फक्त लेकीचा चेहरा बघू द्या एवढं मागते, आणि मग रुमाल दातांत धरून, हसत, पावसातून चालू लागते. पुढच्या सुट्टीत नातू आला की त्याच्याबरोबर आधी 'कुंकू' बघा, मग 'उंबरठा'. 'उंबरठा'च्या शेवटी सुलभाही एका खिडकीशी बसलेली आहे, पण ती खिडकी धावत्या रेल्वेची आहे.