पाठीवरचे ओझे आणि रात्रीची थंडी

डिसेंबर महिना आहे आणि सह्याद्रीतल्या एखाद्या उंच गडावर एकट्याने मुक्काम करायचा आहे, अशी कल्पना करा. पाठपिशवीत काय भराल? ‘भरपूर जाड कपडे’, असेच उत्तर बहुतेक जण देतात. कॉलेजात असताना मीही तसेच केले होते. १९९९ सालच्या डिसेंबरात मी एकटाच हरिश्चंद्रगडावर गेलो. कॅनव्हासच्या सॅकमध्ये आईने शिवलेली गोधडी, दोन स्वेटर, चादर, जाड सुती पँट, पितळी डबा आणि रॉकेलचा स्टोव्ह. निघताना वाण्याच्या काट्यावर सॅक ठेवली, तर ती १४ किलो भरली! एवढे वर नेऊनही कोकणकड्याजवळ मी रात्रभर कुडकुडत बसलो. चूक कुठे झाली ते मला बऱ्याच वर्षांनी, वर्गात उष्णतेचा धडा शिकवताना उमगले.

आधी ओझ्याचा हिशेब करू. माझे ७ किलो सामान अनावश्यक होते असे धरा, आणि चढ ६०० मीटरचा. कार्य = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची, म्हणजे ७ × ९.८ × ६०० = ४१,१६० ज्यूल. हे झाले सुमारे १० किलोकॅलरी. इतकी ऊर्जा तर अर्ध्या बिस्किटातून मिळते! मग ओझ्याचा एवढा बाऊ कशाला?

मेख पुढेच आहे. आपले स्नायू हे काही फार कार्यक्षम यंत्र नव्हे. खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा हिस्सा कार्यात उतरतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे १० किलोकॅलरी कार्यासाठी ५० खर्च झाल्या आणि ४० किलोकॅलरी उष्णता अंगात निर्माण झाली. ती बाहेर टाकायला शरीराजवळ मुख्य उपाय म्हणजे घाम. १ ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता जाते. भागाकार करून पाहा : जवळजवळ ७० ग्रॅम जादा घाम! स्वतःचे अंग वर नेण्याचा घाम निराळाच. शिवाय पाठीला सॅक चिकटलेली, तिथे वारा लागत नाही. तिथला घाम वाळत नाही, बनियनमध्ये मुरतो आणि अंग थंड व्हावे म्हणून शरीर आणखी घाम सोडते.

आता घरी एक प्रयोग करा. एक सुती बनियन आणि साधारण तेवढ्याच वजनाचा पॉलिएस्टरचा खेळाचा शर्ट घ्या. दोन्ही भिजवून सारखेच पिळा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि सावलीत वाळत घाला. दर अर्ध्या तासाने पुन्हा वजन करून आलेख काढा. सुती कपडा पाणी किती काळ धरून ठेवतो ते आलेखच सांगेल.

माझ्या कपड्यांत २०० ग्रॅम पाणी उरले होते असे समजू. ते वाळायला ११६ किलोकॅलरी हव्यात. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात तासाला साधारण ७० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. म्हणजे दीड तासाहून अधिक काळ माझे शरीर जणू कपडे वाळवण्याचीच भट्टी झाले होते! त्यात पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटींहून अधिक. जाड कपडा ऊब ‘देत’ नाही. त्याच्या धाग्यांत अडकलेली स्थिर हवा आपली उष्णता राखते. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की कपडा कितीही जाड असो, व्यर्थ.

उष्णता निसटण्याच्या बाकीच्या वाटाही मी मोकळ्याच ठेवल्या होत्या. अंथरूण थेट कातळावर; गोधडीतली हवा माझ्याच भाराने दबलेली. वर निरभ्र आकाश. प्रारणाने उष्णता चालली होती, आणि पहाटे गोधडीवर पडलेले दव त्याचीच साक्ष देत होते. शिवाय कड्यावरचा वारा.

आज मी एकट्यासाठी पिशवी भरतो ती अशी. पिशवी १ किलो, कृत्रिम धाग्यांची स्लीपिंग बॅग १.१ किलो, फोमची चटई ३०० ग्रॅम. ही चटई क्षुल्लक वाटते, पण तिच्यात हवेचे हजारो बंद बुडबुडे असतात आणि ते अंगाच्या भाराने फारसे दबत नाहीत. माझ्या मते वजनाच्या मानाने तिच्याइतकी उपयोगी दुसरी वस्तू नाही. डोक्यावर ताणायला ४०० ग्रॅमचे हलके कापड. दोन्ही बाजू उघड्या ठेवायच्या, नाहीतर श्वासातली वाफ आतून थिजते. स्वेटर ३५०, वारा अडवणारे जाकीट २५०, कानटोपी ६०, टॉर्च १००, आणि प्रथमोपचार, शिटी, काडेपेटी वगैरे मिळून २४० ग्रॅम. उरले ४०० ग्रॅमचे कोरडे कपडे : बनियन, पायजमा, मोजे. हे प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले असतात आणि मुक्कामाला पोचेपर्यंत काहीही झाले तरी उघडायचे नाहीत. बेरीज ४.२ किलो. २ लिटर पाणी आणि ८०० ग्रॅम खाणे धरून ७ किलो. स्टोव्ह नाही; एका रात्रीला दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे पुरतात.

चढताना स्वेटर घालू नका. सुरुवातीला किंचित थंडी वाजली तरी चालेल, घाम येता कामा नये. मुक्कामाला ओढ्याकाठचा खोलगट भाग टाळा. रात्री थंड, जड हवा उतारावरून वाहत तिथे साचते.

शाळेत असेपर्यंत तुम्ही एकट्याने जाऊ नये, हे मी निक्षून सांगतो. थंडीने मनुष्य आधी हुडहुडतो, मग बोटे गाठ बांधेनाशी होतात, जीभ अडखळते, आणि पुढे विचारही मंदावतो. बरोबर कोणी असेल तर ते त्याला दिसते. एकट्याला मात्र आपली बुद्धी मंद झाल्याचे त्याच बुद्धीने ओळखावे लागते! म्हणून मी नियम ठरवला आहे. बुटाची गाठ सुटेनाशी झाली की विचार करत बसायचे नाही : ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, चटईवर स्लीपिंग बॅगमध्ये शिरायचे आणि गूळ खायचा. मोबाईलला डोंगरात रेंज असेलच असे नाही. घरी आणि पायथ्याच्या गावात एकेक चिठ्ठी ठेवतो : कोणत्या वाटेने जाणार, कुठे झोपणार आणि उद्या किती वाजेपर्यंत न उतरल्यास शोधायला यायचे.