धरून ठेवणे आणि सोडणे : मुलांच्या लघवी-शौचाच्या तक्रारींवर व्यायामोपचार



हा विषय वर्गात निघाला की मुले तोंडावर हात धरून हसतात. हसायला हरकत नाही. पण हसून झाले की पुढे वाचा. या हसण्याच्या भीतीनेच काही मुले आपला त्रास कुणालाही सांगत नाहीत.

तिसरीतील एका मुलीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी येते, हे तिच्या आईच्या लक्षात आले. सिल्वासाचा उन्हाळा आपल्याला ठाऊकच आहे. चौकशी केल्यावर कळले, की एकदा तास चालू असताना आम्ही तिला लघवीला जाऊ दिले नव्हते आणि बाकावरच तिचे कपडे ओले झाले होते. तेव्हापासून तिने शाळेत पाणी पिणेच सोडले होते. चूक आमची होती. म्हणून हा पाठ पहिल्यांदा आम्हां शिक्षकांसाठी आहे.

शरीरात काय घडते?

मूत्राशय ही ताणली जाणारी स्नायूंची पिशवी आहे. मुलाच्या वयात एक मिळवून त्याला ३० ने गुणले, की तिची साधारण क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते. सात वर्षांच्या मुलाची क्षमता झाली २४० मिलिलिटर. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पिशवी आकसते तेव्हा ही झोळी सैल पडली पाहिजे, तरच लघवी पूर्ण होते.

जे मूल सतत पाय आवळून, टाचेवर बसून लघवी धरून ठेवते, त्याची झोळी सैल पडायचे विसरते. मग लघवी तुटक होते, थोडी आत राहते, जंतुसंसर्ग होतो आणि चड्डी ओली होऊ लागते.

गुदाशय मूत्राशयाच्या मागच्या बाजूला असतो. बद्धकोष्ठ झाले, की साठलेला कडक मळ मूत्राशयावर दाब देतो. कधी या खड्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. आईवडिलांना वाटते जुलाब झाले किंवा मूल आळशी आहे. पण ताणलेल्या गुदाशयाची जाणीवच बोथट झालेली असते. मूल हे मुद्दाम करीत नाही. त्याला मारणे, चारचौघांत बोलणे हा उपाय नव्हे. बद्धकोष्ठ बरे झाले, की पुष्कळदा लघवीची तक्रारही कमी होते.

व्यायामोपचार कसा असतो?

आपल्याकडे फिजिओथेरपीचे शिक्षण १९५० च्या दशकात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. तेव्हा पोलिओने अधू झालेल्या मुलांचे पाय डोळ्यांसमोर होते. आज हेच शास्त्र डोळ्यांना न दिसणाऱ्या स्नायूंनाही वळण लावते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : बहुतेक मुलांना स्नायू आवळायला शिकवायचे नसते, सोडायला शिकवायचे असते. म्हणून मोठ्यांसाठीचे आवळण्याचे व्यायाम पाहून मुलांकडून करून घेऊ नयेत.

१. बैठक : उकिडवे बसणे शौचाला सोयीचे असते. कमोडवर लहान मुलांचे पाय लोंबकळतात. पायांखाली पाट ठेवावा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येतील.

२. श्वास : पोट फुगवून सावकाश श्वास घ्यावा आणि फुंकर घालत सोडावा. कुंथू नये.

३. वेळ : जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते. तेव्हा पाच-दहा मिनिटे शांत बसावे. लघवीला दर दोन-तीन तासांनी जावे, घाई करू नये.

४. पाणी : दिवसभरात थोडे थोडे प्यावे. लघवी होते म्हणून पाणी तोडू नये.

५. नोंद : दोन दिवस वहीत वेळा लिहाव्यात. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.

काही ठिकाणी बायोफीडबॅकही वापरतात. त्वचेवर छोट्या पट्ट्या लावतात आणि स्नायू आवळला की सैल पडला, हे मुलाला पडद्यावर खेळासारखे दिसते. मळ मऊ करणारे औषध डॉक्टरांनी दिले असेल, तर बरे वाटताच मनाने बंद करू नये. उपचाराला काही महिने लागतात.

रात्री अंथरूण ओले होणे पाच वर्षांपर्यंत सामान्य मानतात. पाचव्या वर्षी शंभरातील सुमारे १५ मुलांना ही तक्रार असते आणि वयाबरोबर ती कमी होत जाते. मात्र सुटलेली सवय पुन्हा सुरू झाली, फार तहान लागली, वजन घटले, ताप किंवा जळजळ झाली, लघवीत किंवा शौचात रक्त दिसले, सतत थेंब गळत राहिले किंवा पायात अशक्तपणा आला, तर थांबू नये. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, मग व्यायाम. आपल्या गावात श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे. २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

शाळेने काय करावे?

मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. पण दाराची कडी लागत नसेल, नळाला पाणी नसेल, तर मूल आत जातच नाही. विश्वस्तांना आमची नम्र विनंती आहे, की कडी, पाणी आणि रोजची सफाई यांची पाहणी दर आठवड्याला व्हावी. आम्ही आमच्यापुरता नियम केला आहे : लघवीला जाण्याची परवानगी नाकारायची नाही आणि कारण विचारायचे नाही.

त्या मुलीची बाटली आता रिकामी घरी जाते.

स्वाध्याय

१. तुमच्या वयानुसार मूत्राशयाची क्षमता काढा.
२. बद्धकोष्ठाचा लघवीशी काय संबंध आहे?
३. वर्गमित्राचे कपडे ओले झाले, तर तुम्ही काय कराल? घरी बोलून चार ओळी लिहा.