मनी प्लांट : निगा थोडी, पण वाफसा सांभाळा



ओसरीच्या खांबावर, खिडकीच्या गजांवर किंवा कोनाड्यातील बाटलीत वाढणारा मनी प्लांटचा वेल आता खेडोपाडीही दिसतो. या वेलाला रोजची निगा लागत नाही. थोडा उजेड आणि बेताचे पाणी मिळाले की तो वर्षानुवर्षे हिरवा राहतो. तरीही अनेक घरांत तो पाच-सहा महिन्यांत पिवळा पडून मरतो. पाणी कमी पडले म्हणून तो मरतो असे सहसा होत नाही. घरातील प्रत्येक जण येता-जाता तांब्याभर पाणी ओततो आणि मुळे कुजतात, हेच बहुतेक वेळा त्याचे कारण असते. शेतात आपण वाफसा पाहून काम करतो. कुंडीच्या बाबतीतही तोच नियम पाळावा.

ओळख

मनी प्लांटचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम असे आहे. हा वेल अळू व सुरणाच्या कुळातील असून तो मूळचा प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरचा आहे. तेथे तो मोठ्या झाडांच्या सावलीत, खोडाला हवाई मुळांनी धरून वर चढतो. त्यामुळे त्याला गाळून आलेला उजेड, दमट हवा आणि पाणी न साचणारी भुसभुशीत जागा मानवते. याला फुले क्वचितच येतात, म्हणून अभिवृद्धी फाटे कलमानेच करावी लागते.

जागा

पूर्वेकडील खिडकीजवळची किंवा ओसरीतील उजेडाची जागा निवडावी. दुपारचे कडक ऊन लागल्यास पाने करपतात. अगदी अंधारात ठेवल्यास पेरे लांबतात, पाने लहान निघतात आणि त्यांवरील पिवळे-पांढरे पट्टे नाहीसे होतात. साधारण १८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान या वेलास चांगले. कडाक्याच्या थंडीत कुंडी रात्री घरात घ्यावी.

कुंडी व माती

शेतातील काळी माती जशीच्या तशी कुंडीत भरणे ही नेहमी होणारी चूक आहे. काळी माती पाणी धरून ठेवते, सुकल्यावर भेगाळते आणि कुंडीत तिचा निचरा होत नाही. पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत व जाड वाळू प्रत्येकी एक भाग घेऊन मिश्रण करावे. ताजे शेण वापरू नये. तळाला छिद्र असलेली २० सें.मी. व्यासाची मातीची कुंडी घ्यावी. छिद्रावर खापरीचा तुकडा पालथा ठेवून मग मिश्रण भरावे. वर दोन बोटे जागा मोकळी सोडावी.

अभिवृद्धी व लागवड

जून ते सप्टेंबर हा कलमे लावण्यास उत्तम काळ होय. निरोगी वेलाचे तीन-चार पेरांचे, १० ते १५ सें.मी. लांबीचे तुकडे घ्यावेत. काप पेराच्या थोडा खाली द्यावा. पेरावर तपकिरी उंचवटा दिसतो, मुळे तेथूनच फुटतात. पेराशिवाय नुसते पान लावल्यास त्यापासून वेल तयार होत नाही. खालचे पान काढून किमान एक पेर मातीत जाईल असे लावावे. एका कुंडीत तीन-चार तुकडे लावल्यास कुंडी भरगच्च दिसते. साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत मुळे धरतात.

पाणी

बोट मातीत २ ते ३ सें.मी. खुपसून पाहावे. माती बोटाला ओली चिकटली तर पाणी देऊ नये. वरचा थर सुकला असेल तर तळातून पाणी निथळेपर्यंत द्यावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. उन्हाळ्यात साधारण तीन-चार दिवसांनी, पावसाळा व हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी लागते. मात्र दिवस मोजण्यापेक्षा माती पाहावी. पाणी देण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे असावे.

पाने पिवळी पडली की आणखी पाणी ओतण्याची घाई करू नये. खालची पाने पिवळी व मऊ होत असतील आणि मातीला कुबट वास येत असेल तर पाणी जास्त झाले आहे. पाने लोंबली, कडा वाळल्या, माती कुंडीच्या कडेपासून सुटली आणि कुंडी हलकी लागली तर पाणी कमी पडले आहे. मुळे कुजली असल्यास वेल बाहेर काढून तपकिरी, लिबलिबीत मुळे कापावीत व पांढरी, घट्ट मुळे ठेवून नव्या मिश्रणात लावावा. सगळीच मुळे गेली असतील तर शेंड्याकडील निरोगी भागाची कलमे करावीत.

खत, आधार व छाटणी

दर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत पुरे होते. विद्राव्य १९:१९:१९ खत वापरायचे झाल्यास एक लिटर पाण्यात १ ग्रॅम या प्रमाणात, वाढीच्या काळात महिन्यातून एकदाच द्यावे. थंडीत खत देऊ नये. काथ्या गुंडाळलेल्या काठीवर वेल चढविल्यास पाने मोठी होतात, लोंबता सोडल्यास लहान राहतात. वेल उघडा पडल्यास पेराच्या वर छाटावा. तेथून नवे फुटवे येतात.

कीड

पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यावा. प्रादुर्भाव जास्त असल्यास कुंडी बाहेर नेऊन एक लिटर पाण्यात ५ मि.लि. निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून फवारावे. शेतातील कीटकनाशक घरात कदापि फवारू नये.

ही दक्षता घ्या

१) अळूप्रमाणेच या वेलातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, ओठ व जीभ सुजते, लाळ गळते. रांगते मूल, मांजर, कुत्रे व शेळी यांच्या तोंडाला येणार नाही अशा उंचीवर कुंडी टांगावी. मुलाने पान चावल्यास तोंड पुसून पाण्याने धुवावे, उलटी करवू नये. सूज किंवा श्वासाचा त्रास दिसताच त्वरित दवाखान्यात न्यावे. छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत.

२) बाटलीतील वेलाचे पाणी दर आठवड्याला बदलावे व बाटली आतून घासावी. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. बाटलीच्या तोंडाशी कापूस बसवावा.

३) छाटलेले वेल ओढ्याकाठी किंवा बांधावर फेकू नयेत. उष्ण, दमट भागात ते रुजून झाडांवर चढतात. श्रीलंकेसह काही देशांत हा वेल जंगलात तणासारखा पसरला आहे.

चोरून आणलेली फांदी लावली की घरात पैसा येतो, असा समज आहे. शेजाऱ्याकडून मागून आणलेली फांदीही तितक्याच जोमाने वाढते. पैसा वेलाने येत नाही, परंतु थोडक्या निगेत घर मात्र प्रसन्न दिसते. तेव्हा तांब्या उचलण्यापूर्वी एकदा बोटाने माती पाहा.