डोंगरातली साबित्रा

नेपाळ हा आपला शेजारी देश. तिथे डोंगर फार. सपाट जमीन थोडी. डोंगराच्या अंगावर पायऱ्या पायऱ्यांची शेते असतात. लोक त्यात भात, मका, नाचणी पिकवतात.

तिथे लमजुंग नावाचा जिल्हा आहे. त्या जिल्ह्यातल्या सिम्पानी गावी १९९६ साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव साबित्रा भंडारी. आपल्याकडची सावित्री, तीच तिकडची साबित्रा. लोक तिला लाडाने 'साम्बा' म्हणतात.

साबित्रा फुटबॉल खेळते. हा खेळ कसा असतो? दोन संघ असतात. प्रत्येक संघात अकरा जण. खेळ ९० मिनिटांचा. चेंडू पायाने मारायचा, डोक्यानेही चालतो. हाताने धरायचा नाही. हात लावायची मुभा फक्त गोल राखणाऱ्याला. समोरच्या दोन खांबांमध्ये चेंडू गेला की एक गोल झाला.

साबित्रा आघाडीला खेळते. म्हणजे गोल करायचे काम तिचे. हे काम दिसते सोपे, पण तसे नाही बरं का! पुष्कळ वेळ नुसते पळावे लागते. चेंडू पायाशी येतच नाही. आला तर दोघीतिघी अंगावर धावून येतात. एका क्षणात काय ते करायचे. विहीर सगळे मिळून खणतात, पण पाणी एकाच्याच कुदळीला लागते. तसेच हे.

खेळून पोट भरते का, असे कोणी विचारील. नेपाळात लष्कर, पोलीस आणि सशस्त्र प्रहरी बल यांचे स्त्रियांचे संघ आहेत. प्रहरी म्हणजे पोलीस. अशा संघात शिरलेल्या मुलीला नोकरी मिळते, पगार मिळतो. साबित्रा सशस्त्र प्रहरी बलाच्या संघात खेळली.

मग ती आपल्या देशातही आली. २०२० साली ती केरळच्या गोकुलम संघातून खेळली. भारतातल्या स्त्रियांची ती मोठी स्पर्धा. शेवटचा सामना बंगळूरला झाला. दोन्ही संघांचे दोन दोन गोल झाले. खेळ संपायला थोडी मिनिटे उरली. तेवढ्यात साबित्राने तिसरा गोल केला. गोकुलम जिंकला. त्या स्पर्धेत तिने १६ गोल केले. इतके गोल दुसऱ्या कोणीच केले नाहीत.

पुढे ती इस्राएल देशात खेळली. २०२४ च्या जानेवारीत फ्रान्स देशातल्या एका संघाने तिला बोलावून घेतले. नेपाळसाठी तिने ५० हून अधिक गोल केले आहेत. इतके गोल नेपाळच्या कुठल्या पुरुष खेळाडूनेही केलेले नाहीत.

आता एका सामन्याची गोष्ट ऐका. दक्षिण आशियातल्या देशांची स्त्रियांची एक स्पर्धा असते. २०१० पासून २०२४ पर्यंत ती सात वेळा झाली. २०२४ साली ती काठमांडूला भरली. उपांत्य सामन्यात नेपाळची गाठ भारताशी पडली. पंचांनी नेपाळच्या एका मुलीला बाहेर काढले. राहिल्या दहा जणी. त्यात भारताने गोल केला. नेपाळने लगोलग खेळ सुरू करून गोल मारला, पण पंचांनी तो धरला नाही. मोठा वाद झाला. तासाहून अधिक वेळ खेळ बंद पडला.

अशा वेळी माणसाचे डोके फिरते. मैदान सोडून जावेसे वाटते. पण नेपाळच्या मुली परत उभ्या राहिल्या. खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात साबित्राने गोल केला. एक-एक बरोबरी झाली. शेवटी पेनल्टीवर नेपाळ ४-२ असा जिंकला.

मग अंतिम सामना. समोर बांगलादेश. तिथे नेपाळ २-१ ने हरला. सात स्पर्धांत नेपाळ सहा वेळा अंतिम सामन्याला पोचला आणि सहाही वेळा हरला.

मंडळी, मग साबित्राने मिळवले काय, असे म्हणाल. पण पाहा. राग गिळून ती पुन्हा कामाला लागली. वाद घालून गोल मिळाला नाही, खेळून मिळाला. आणि डोंगरातल्या गावच्या लेकीचे नाव परदेशात पोचले. आपल्या गावातल्या पोरी मैदानावर निघाल्या, तर "पोरीच्या जातीला खेळ कशाला?" असे म्हणण्याआधी साबित्रा आठवा.

नवे शब्द
आघाडी : पुढची रांग
पंच : खेळात निवाडा करणारा
उपांत्य : शेवटच्या आधीचा
पेनल्टी : जवळून, एकेकाने गोलावर चेंडू मारणे

सांगा पाहू
१. साबित्राचे गाव कोणत्या जिल्ह्यात आहे?
२. २०२० च्या स्पर्धेत तिने किती गोल केले?
३. काठमांडूच्या सामन्यात खेळ का थांबला?
४. तुमच्या गावात मुली कोणते खेळ खेळतात? चार ओळी लिहा.