मोडलं मनगट, आखडला खांदा

माझं मनगट मोडलं, जुळलं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. छळलं ते खांद्याने, आणि खांद्याला तर साधं खरचटलंही नव्हतं.

पावसाळ्यात जिन्यावरून पाय घसरला, सावरायला हात टेकला आणि मनगटाजवळचं हाड गेलं. साठीकडे झुकलेल्या बायकांचं हे ठरलेलं मोडणं. प्लॅस्टर झालं, हात गळ्यातल्या झोळीत गेला आणि निघताना बजावलं गेलं, “हात अजिबात हलवायचा नाही.” घरच्यांनी ते वेदवाक्य मानलं. सूनबाई वेणी घालून देई, पाण्याचा तांब्यासुद्धा मला उचलू देत नसे. पण ती सूचना अर्धीच होती. हलवायचं नव्हतं ते फक्त मनगट. खांदा, कोपर आणि बोटं हलवायचीच असतात, हे त्या गर्दीत कोणी सांगितलं नाही.

प्लॅस्टर निघालं आणि हात पाठीमागे जाईना. रात्री त्या कुशीवर वळलं की कळ थेट दंडात.

खांदा हा उखळीचा सांधा, पण त्याची उखळ खुब्याच्या उखळीइतकी खोल नसते. बशीवर नारळ ठेवावा तसा दंडाच्या हाडाचा गोळा एका उथळ खाचेवर टेकलेला असतो. म्हणून तर तो शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा. हात पूर्ण वर जावा यासाठी सांध्याभोवतीची पिशवी काखेकडच्या बाजूला सैल आणि चुणीदार असते. हात दिवसचे दिवस अंगाशी बांधला की ती चुणी मिटलेलीच राहते. त्यात सूज धरली तर पिशवी जाड होते, आकसते. यालाच फ्रोजन शोल्डर म्हणतात. चाळीस ते साठ या वयात तो अधिक दिसतो, आणि मधुमेह असेल तर धोका बराच वाढतो. मला मधुमेह आहे. सुटायला एकदोन वर्षंही लागू शकतात.

हे आखडणं लवकर लक्षात येत नाही. हात डोक्यावर नेताना जे 180 अंश होतात, त्यातले सुमारे 120 गोळा आणि उखळीतले, बाकीचे साठेक फासळ्यांवरून सरकणाऱ्या फऱ्याच्या हाडाचे. सांधा जखडला तरी फरा उचलून हात बराच वर नेता येतो, आणि घरचे म्हणतात, जातोय की! त्यापेक्षा आरशासमोर उभं राहावं, दोन्ही कोपरं काटकोनात वाकवून कमरेला चिकटवावीत आणि पंजे दोन्हीकडे बाहेर उघडावेत. एक बाजू मागे राहिली, तर डॉक्टरांना दाखवावं. बाहेर वळणंच सहसा आधी जातं.

बोटांची गोष्ट वेगळी. मूठ वळल्यावर वर दिसतात त्या पेरांच्या बाजूचे अस्थिबंध बोट सरळ असताना सैल असतात आणि वाकवल्यावर ताणले जातात. सुजलेली बोटं सरळच राहिली, तर ते सैल असतानाच आखूड होतात आणि पुढे मूठ वळत नाही. म्हणून मनगटाचं प्लॅस्टर तळव्यावरच्या आडव्या रेघेच्या अलीकडे संपलंय ना, हे तिथेच मूठ वळून पाहावं. अडत असेल तर कापून मागावं. त्यात भिडस्तपणा नको.

कोपर म्हणजे बिजागरीचा सांधा, उघडझाप करणारा. पण तीर्थ घेताना तळवा वर करतो, ते काम बिजागरीचं नाही. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात आणि एक दुसऱ्याभोवती फिरतं, म्हणून तळवा पालथा-उताणा होतो. मनगट मोडल्यावर हे फिरणं हमखास कमी होतं आणि आपण नकळत अख्खं अंग वाकवून तळवा वर आणतो. कोपर बरगडीशी टेकवून तळवा वर करून बघा, लगेच कळेल. प्लॅस्टर असताना हे फिरवायचं की नाही, ते मात्र डॉक्टरांनाच विचारावं, कारण काही मोडण्यांत ते मुद्दाम थांबवतात.

शेजारच्या काकूंनी मालीशवाल्याचं नाव सुचवलं होतं. मी गेले नाही. दुखऱ्या कोपराला तेल लावून जोरात ताणलं तर स्नायूतच हाड धरू शकतं आणि कोपर कायमचं अडकतं. सांध्याच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून, हालचालीच्या दाबानेच होतं. ती हालचाल आपली आपण, हलकी आणि दिवसातून अनेकदा करायची. दुसऱ्याने ओढून हे होत नाही.

मोडल्याबरोबर सूज चढण्याआधी अंगठी आणि बांगड्या काढाव्यात. पहिले काही दिवस पंजा छातीपेक्षा उंच, उशीवर ठेवावा. बोटं निळसर पडली, बधिर झाली, किंवा गोळी घेऊनही आतली कळ वाढतच चालली, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठावा. सकाळच्या ओपीडीची वाट बघू नये.