इन्सुलिन आणि एकादशी

मधुमेह म्हणजे साखर बंद, एवढेच आमच्या घरात ठाऊक होते. घरात चार बुके शिकलेला मी पहिलाच. म्हणून आईच्या औषधाची चिठ्ठी वाचण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्यातूनच हा विषय अभ्यासावासा वाटला.

१९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन मिळविले. त्यापूर्वी रुग्णाला जवळजवळ उपाशी ठेवणे हाच उपचार असे. अमेरिकेतील डॉ. अ‍ॅलन यांची ती पद्धत प्रसिद्ध होती. 'कमी खा' हा सल्ला लोक अजूनही देतात. पण इन्सुलिन टोचून घेणाऱ्यास तो घातक ठरू शकतो. निरोगी माणसाचे स्वादुपिंड जेवणाप्रमाणे इन्सुलिन सोडते. सुईने घेतलेले इन्सुलिन मात्र पोटात अन्न आले की नाही, हे पाहत नाही.

गेल्या आषाढी एकादशीला आईने सकाळी आठला इंजेक्शन घेतले आणि काही न खाता देवळात गेली. अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. थोरल्या बहिणीला वाटले, ऊन लागले. सुदैवाने मला लक्षणे वाचून माहीत होती. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांत ती सावरली. दुपारी भुकेने तिने दोन बशा साबुदाण्याची खिचडी खाल्ली, आणि संध्याकाळी रक्तातील साखर तीनशेच्या वर! १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक पिष्ट असते, चोथा जवळजवळ नाहीच.

भाकरीतही पिष्ट आहेच, पण ती सोडायची नसते, मोजायची असते. आई आता दुपारी ठरल्या वेळी दीड भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी व ताक घेते. तिचे इन्सुलिन मिश्र आहे. त्यातील एक भाग दुपारपर्यंत काम करीत राहतो, म्हणून जेवण लांबवता येत नाही. खुरपणीने साखर आणखी उतरते. त्या दिवशी शेतावर जाण्यापूर्वी थोडे अधिक खायचे आणि पदराला साखरेची पुडी बांधायची. (शेजारणी कारल्याचा रस सुचवतात. कारल्याची भाजी चांगलीच. पण तिने इन्सुलिनचे काम होत नाही.)

उपवास सोडायला मात्र आई तयार नव्हती. अखेर डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची मात्रा ठरवून घेतली. पुढच्या एकादशीला तिने इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने राजगिऱ्याची एक भाकरी व दही खाल्ले, आणि मग देवळात गेली.